गोंदणावरची चिकटपट्टी

दिवाळी अंकासाठी लिहा असं सांगताना संपादकबाईंनी फोनवर ‘सेवाव्रत’ हा शब्द इतक्या वेळा वापरला की मला माझंच ब्लडप्रेशर तपासावंसं वाटलं. त्यांना हवे असलेले, रुग्णाच्या कपाळावरून फिरणारे मायेचे हात माझ्याकडे नाहीत. माझे हात आयुष्यभर साबणाने सोललेले आहेत आणि डाव्या हातावर मनगटापासून वर हिरवं गोंदण आहे. नर्सच्या नोकरीत मला सगळ्यात जास्त कशाने छळलं असेल तर ते पेशंटनी नाही, डॉक्टरांनीही नाही, या गोंदणाने. तेव्हा त्याच्यावरच लिहिते. व्रताबद्दल दुसऱ्या कुणाला तरी विचारा.

मी धायरीची. सिंहगड रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकून बसते ती आत्ताची धायरी नव्हे. तेव्हा ते गाव होतं आणि आम्ही बाजाराला निघालो की ‘पुण्याला चाललो’ म्हणायचो. गावात गोंदणारी बाई यायची. आईने मला मांडीत घट्ट धरलं आणि हातावर तुळशीवृंदावन काढून घेतलं, त्याच्याखाली मुंग्यांची रांग म्हणून ठिपके. मी गळा काढला तेव्हा आई म्हणाली, “रडू नगं. बाकीचे दागिने लोकं काढून घेत्यात, ह्यो कुणी घेणार न्हाई.”

नर्सिंगच्या शाळेत पहिल्याच दिवशी आमच्या ट्यूटरबाईंनी तो काढून घ्यायचा प्रयत्न केला. कडक इस्त्रीच्या बाई होत्या. माझा हात उलटा करून म्हणाल्या, “हे काय चिताडलंय? धुऊन या.”

मी धुऊन आले.

“नीट धुऊन या.”

मी परत नीट धुऊन आले. मग त्यांनी स्वतः स्पिरिटचा बोळा घेतला आणि घासघास घासलं. कातडी लालभडक झाली, तुळस मात्र हिरवीगार. शेवटी त्यांनी चिकटपट्टीची गुंडाळी आणली आणि वृंदावनावर एक रुंद पट्टी मारली. “पेशंटला असलं गावठी काही दिसता कामा नये,” म्हणाल्या. आमचे निम्मे पेशंट मुळशी-भोरकडचे, त्यांच्या बायकांच्या हातावर माझ्यापेक्षा मोठ्या तुळशी. पण ट्यूटरबाईंना हे सांगण्याची पद्धत नव्हती. शिक्षण संपेपर्यंत ती पट्टी माझ्या हातावर होती. पेशंट विचारायचे, “सिस्टर, भाजलं का?” मी हो म्हणायची. पुढे ट्यूटरबाई रिटायर झाल्या, मी स्टाफ नर्स झाले, पट्टी लावायची सोडली आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. इतका तो नियम महत्त्वाचा होता.

बाहेरच्यांना म्हणून सांगते. नर्सच्या हाताला कोपराखाली काहीही नको, हा नियम शहाणपणाचा आहे. घड्याळ, बांगड्या, अंगठी यांच्याखाली पाणी साचतं, मळ साचतो आणि तो एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जातो. लोंबणारं काहीच नको, हाही. आमच्या मुलांच्या वॉर्डात एका सिस्टरने डूल घातले होते. इंजेक्शनला घाबरलेल्या पोराने डूल धरून असा हिसडा दिला की कानाची पाळी फाटली, आणि पोराचं इंजेक्शन राहिलं बाजूला, टाके सिस्टरलाच पडले. त्या दिवसापासून माझी एकच कसोटी होती : लोंबतंय का? लोंबत असेल तर काढा. नसेल तर मला राउंड पुरा करू द्या.

व्यवस्थापनाच्या कसोट्या माझ्यापेक्षा सूक्ष्म होत्या. नाकात डावीकडे चमकी असली तर ती आपली संस्कृती. उजवीकडे असली तर फॅशन. आमच्याकडे कलावती म्हणून सिस्टर होती, रास्ता पेठेतल्या तमिळ घरातली. त्यांच्यात उजवी नाकपुडी टोचतात. तिला सांगण्यात आलं की चमकीला आमची हरकत नाही, पण ती बरोबर बाजूला घाला. नाक म्हणजे काय खुर्ची आहे, इकडून तिकडे सरकवायला? कलावतीने वाद घातला नाही, चमकी काढून पर्समध्ये ठेवली. थोड्या दिवसांत भोक बुजलं. बहिणीच्या लग्नात सगळ्यांनी तिला विचारलं, चमकी कुठे गेली? ती मला हे हसत हसत सांगत होती आणि मला त्या हसण्याचं फार वाईट वाटलं होतं. तेव्हा मी मेट्रन नव्हते. झाले तेव्हा कलावती नोकरी सोडून गेली होती.

मेट्रन म्हणजे सगळ्या नर्सेस आणि मावश्यांची मुख्य. पगार थोडा जास्त आणि बोलणी दोन्हीकडून. मी मेट्रन असताना प्राजक्ता आमच्याकडे लागली. हडपसरची मुलगी. घरच्यांना तिचं लग्न उरकायचं होतं, तिला नोकरी करायची होती. बरीच आदळआपट होऊन शेवटी घरात असं ठरलं होतं की नोकरी कायम झाली तर लग्नाचा विषय निघणार नाही, आणि नाही झाली तर चहापोह्यांचा कार्यक्रम. हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. या मुली सगळं सांगतात, आमच्या वेळी आम्ही तापसुद्धा सांगत नव्हतो.

तिच्या डाव्या मनगटावर टॅटू होता. ईसीजीची रेघ : एक उंच ठोका आणि मग मनगटाला वळसा घालून गेलेली सरळ रेघ. आमच्या हृदयरोगाच्या तरुण डॉक्टरांनी राउंडला तो पाहिला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “सिस्टर, हा पेशंट तर गेलेला आहे.”

आता हे कुणालाही कळावं. ठोक्यानंतर रेघ सरळ झाली की माणूस संपला. टॅटूवाल्याला ते माहीत नसेल, पण मुलीचं नर्सिंग झालेलं होतं! मी विचारलं तेव्हा म्हणाली, “मॅडम, ॲक्च्युअली खाली एक नाव होतं. कॉलेजमधला मुलगा. त्याचं दुसरीकडे जमलं. मग नाव लपवायला वरून हे काढलं. सरळ रेघेचं तेव्हा लक्षातच नाही आलं.”

“मग सर म्हणाले ते बरोबरच आहे,” मी म्हटलं. ती इतकी हसली की मला ती आवडायला लागली.

कामाला चलाख होती, पण नवी होती. भोरकडच्या एका आजींना सलाईन लावायचं होतं. तिने सुई टोचली, रक्त येईना. परत टोचली, येईना. मी जाऊन बघते तर ही बाई गोंदणाच्या रेघेत सुई घालत होती. जुनं गोंदण विटलं की शिरेसारखंच निळं-हिरवं दिसतं, नव्या मुली फसतात. “डोळे मीट,” मी म्हटलं. “शीर दिसत नसते, लागत असते. बोटाने शोध.” तिने डोळे मिटले, बोट फिरवलं आणि पहिल्या झटक्यात शीर सापडली. आजी म्हणाल्या, “आदी डोळं झाकायचं व्हतं की, बाये.” त्यानंतर कुणाची शीर मिळेनाशी झाली की वॉर्डातून हाक यायची, प्राजक्ताला बोलवा.

एवढ्यात आमच्याकडे नवे ॲडमिनिस्ट्रेटर आले, सबनीस. आधी मोठ्या हॉटेलात होते. पेशंटला ‘गेस्ट’ म्हणायचे. आमचे गेस्ट सकाळी उठून लघवीचं भांडं मागतात, हे त्यांना कळायला वेळ लागला. त्यांनी मीटिंग घेऊन जाहीर केलं की कर्मचाऱ्यांच्या अंगावर दिसेल असा टॅटू चालणार नाही. प्राजक्ताचं नाव घेतलं आणि म्हणाले, प्रोबेशन संपत आलंय, ती बसत नाही आपल्या इमेजमध्ये.

“तिने लांब बाह्या घातल्या तर?” कुणीतरी विचारलं.

“कोपराखाली कापड चालत नाही,” मी म्हटलं. “इन्फेक्शन.”

“मग पट्टी लावू दे.”

“ती दिवसभर ओली राहते. पुन्हा इन्फेक्शन.”

“मग काढून टाकू दे, लेझरने.”

थोडक्यात, दाखवायचा नाही, झाकायचा नाही, आणि हातच घरी ठेवून यायचा. मी माझा डावा हात टेबलावर ठेवला. “सबनीस साहेब, हे चालेल?”

त्यांनी तुळशीवृंदावनाकडे बघितलं. इतके दिवस बघतच होते, दिसलं आत्ता. थोडे गडबडले, पण माणूस हटवादी. म्हणाले, “मॅडम, नियम म्हणजे नियम. एकाला सूट दिली की शिस्त संपते. सगळ्यांनी पट्टी लावायची. ज्यांचा टॅटू आहे त्यांची नोकरी पुढे बघू.”

“सगळ्यांनी?”

“सगळ्यांनी.”

“मावश्यांनी पण?”

“मॅडम, सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी.”

मी शिस्तीची बाई आहे. वरिष्ठांनी सांगितलेलं मी नेहमी अक्षरशः पाळत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटी बदलताना मी चिकटपट्टीची मोठी गुंडाळी घेऊन दारात उभी राहिले. आधी माझ्या हातावर मारली, मग प्राजक्ताच्या, मग मावश्यांची रांग. आमच्या मावश्या म्हणजे वॉर्डातल्या आया. बहुतेक जणी आसपासच्या गावांतल्या, जुन्या वळणाच्या. त्यांचं गोंदण हातावर तर होतंच, पण कपाळावर होतं, हनुवटीवर होतं. सगळ्यांना पट्ट्या लागल्या. शेवटी हमीदामावशी पुढे आल्या. कसबा पेठेतल्या, चार पिढ्या तिथल्याच. त्यांच्या अंगावर गोंदणाचा ठिपका नव्हता.

“मावशी, तुम्हाला नाही लागत,” मी म्हटलं.

“असं कसं सिस्टर, सगळ्यांना दिली तर मला पण द्या की,” त्या म्हणाल्या. “उद्या म्हणतील, हमीदाने पाळलं नाही.” आणि कपाळ पुढे केलं. मी पट्टी लावली.

हॉस्पिटल सुरू झालं. जिकडे बघावं तिकडे कपाळाला पट्टी लावलेल्या बायका फिरतायत. केसपेपरच्या रांगेतले एक गृहस्थ, टोपी नीट करत, खिडकीशी म्हणाले, “इथले लोकच एवढे जखमी आहेत, तर आम्ही दुसरीकडे जाऊ का?” एका बाईंनी हळूच विचारलं की मावश्यांची आपसांत मारामारी झाली का. मी सगळ्यांना शांतपणे सांगत होते, नवीन नियम आहे. कारण विचारलं की सबनीस साहेबांची खोली दाखवत होते.

सबनीस तोंड लपवून बसले, पण मागे हटले नाहीत. पट्ट्या तशाच राहिल्या. मला वाटलं होतं गंमत होईल आणि नियम जाईल. गंमत झाली, नियम राहिला. प्राजक्ता एका कोपऱ्यात मला म्हणाली, “मॅडम, घरी कळलंय. रविवारी बघायला येतायत.” तिच्या पट्टीच्या कडा पाण्याने सुटल्या होत्या. मला पहिल्यांदाच त्या मुलीची काळजी वाटली, कारण माझ्या चेष्टेने तिचं काहीच भलं झालं नव्हतं.

आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष आप्पासाहेब, हडपसरकडचे. बापजाद्यांची शेती होती, तिथे आता त्यांच्या इमारती आहेत. त्यांच्या आई त्याच सुमारास खुब्याचं हाड मोडून आमच्याकडे दाखल होत्या. वय झालेलं, पण तोंड खणखणीत. सलाईनला त्यांची शीर मिळेना, तेव्हा प्राजक्तालाच बोलावलं होतं. त्यांच्या कपाळावर, हनुवटीवर आणि दोन्ही हातांवर भरगच्च गोंदण. खोलीत हमीदामावशींची ड्युटी होती. म्हातारीने विचारलं, “कपाळाला काय लागलं गं तुला?”

“काही नाही आजी, इथे आता गोंदलेलं चालत नाही, म्हणून पट्टी लावायची.”

“तुला तर गोंदलेलंच न्हाई.”

“मी आपली सगळ्यांबरोबर.”

म्हातारीने स्वतःच्या हनुवटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “मंग मला बी लाव.”

हमीदामावशी मला विचारायला आल्या. पेशंटची इच्छा असेल तसं करा, असं मी सांगितलं. सबनीस साहेबांचंच वाक्य होतं ते, गेस्टची इच्छा म्हणून.

भेटायच्या वेळेला आप्पासाहेब आले. आईच्या कपाळाला पट्टी, हनुवटीला पट्टी, दोन्ही हातांना पट्ट्या. त्यांना वाटलं म्हातारी खाटेवरून पडली आणि कुणी कळवलंच नाही. त्यांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला. सबनीस धावत आले, मीही गेले. आप्पासाहेब सबनिसांच्या अंगावर धावून जाणार, तेवढ्यात म्हातारी बोलली.

“आरडू नगं. तुज्याच दवाखान्याचा कायदा हाय. मला आदी सांगायचं व्हतं. घरी काढून ठिवून आली असते.”

आप्पासाहेबांनी आईच्या कपाळाची पट्टी स्वतःच्या हाताने हळूहळू सोडवली. कातडी पातळ, ओढली तर फाटायची. एवढा मोठा माणूस, पण पट्टी काढताना फुंकर घालत होता. मग सबनिसांकडे वळून म्हणाले, “आज संध्याकाळपर्यंत एकीच्या पण कपाळाला पट्टी दिसली नाही पाहिजे.”

तसं झालं. पण सबनीस काही असे तसे नव्हते. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सुधारणा आली : पारंपरिक गोंदण वगळून. म्हणजे माझी तुळस सुटली, मावश्यांची कपाळं सुटली आणि प्राजक्ता तेवढी राहिली. मीटिंगला आप्पासाहेब स्वतः होते. प्राजक्ता दाराशी उभी होती.

“पारंपरिक आहे की नाही, हे कोण ठरवणार?” मी विचारलं.

“अर्थात मेट्रन,” सबनीस म्हणाले. मी गोंदलेली बाई, त्यामुळे या विषयातली तज्ज्ञ.

“मग हे पारंपरिक आहे.”

“ईसीजी पारंपरिक? अहो मॅडम, ईसीजी पारंपरिक कसा असेल?”

“माणसाला हृदय पहिल्यापासून आहे,” मी म्हटलं.

आप्पासाहेबांनी प्राजक्ताला जवळ बोलावलं, मनगट बघितलं. “इथून पुढे सरळ का गं?”

“सर, हाताला वळसा घालायचा होता म्हणून.” मग न राहवून म्हणाली, “आणि खाली एक नाव आहे सर, ते झाकायचं होतं.”

आप्पासाहेबांनी नकळत आपलं घड्याळ मनगटावर थोडं वर सरकवलं. पट्ट्याखाली मला काहीतरी निळं, जत्रेतल्या मशीनने काढल्यासारखं दिसलं आणि परत झाकलं गेलं. मी तेव्हा विचारलं नाही, रिटायर झाल्यावरही विचारलं नाही. ते एवढंच म्हणाले, “आईची सुई हिनेच लावली होती ना? एकदाच टोचलं म्हणत होती आई. करा हिला कायम.”

सबनीस पुढे एका मोठ्या मॉलमध्ये गेले. तिथे गेस्ट स्वतःच्या पायांनी चालत येतात.

मी रिटायर झाले. मागच्या वर्षी पित्ताशयात खडे झाले आणि त्याच हॉस्पिटलमध्ये खाटेवर पडायची वेळ आली. जन्मभर खाटेच्या या बाजूला उभी राहिलेली बाई त्या बाजूला पडली की तिला सगळ्यांचं सगळं चुकलेलं दिसतं. सकाळी एक नवीन मुलगी, तन्वी, सलाईन लावायला आली. तिच्या भुवईत एक बारीक मणी होता. तिने माझा डावा हात घेतला, निरखून बघितलं आणि सुई थेट मुंग्यांच्या रांगेत घातली. मी ‘आई गं’ म्हणाले. कळ आली म्हणून, आणि खरंच आई आठवली म्हणूनही.

आवाज ऐकून वॉर्डची इन्चार्ज आली. प्राजक्ता. आता चष्मा लागलाय, चालण्यात वजन आलंय. तिने माझ्या हाताकडे बघितलंच नाही. तिची नजर गेली थेट तन्वीच्या भुवईकडे.

“तन्वी, किती वेळा सांगितलं तुला? पेशंटसमोर हे असलं शोभतं का?” आणि खिशातून चिकटपट्टीची गुंडाळी काढून टर्रकन एक तुकडा फाडला. फाडताना तिच्या मनगटावरचा तो ठोका आणि त्याच्यापुढची सरळ रेघ माझ्या डोळ्यांसमोरून गेली. तन्वीने निमूटपणे कपाळ पुढे केलं.

“प्राजक्ता,” मी म्हटलं, “लोंबतंय का ते?”

तिचा हात हवेत राहिला. “नाही मॅडम. पण कसं दिसतं ते...”

“सबनीस हेच म्हणायचे.”

ती कानापर्यंत लाल झाली. मला वाटलं रागावेल. पण तिने एकदा स्वतःच्या मनगटाकडे बघितलं, मग तन्वीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “डोळे मीट. शीर दिसत नसते. बोटाने शोध.”

तन्वीने डोळे मिटले. तिचं थंड बोट माझ्या हातावरून, मुंग्यांवरून, तुळशीवरून हळूहळू सरकलं आणि एका जागी थांबलं. सुई आत गेली, मला कळलंही नाही. प्राजक्ताने हातातला पट्टीचा तुकडा सुईवर बसवला आणि अंगठ्याने दाबला. तो नेमका वृंदावनावर बसला, ट्यूटरबाईंनी लावला होता तिथेच. माझ्या तुळशीवर पट्ट्या पुष्कळ लागल्या, पण कामासाठी लागलेली ही पहिली.